स्कूटर-बाइकची बॅटरी: बदलायच्या आधी मोजा

सहा_व्होल्ट

मंडळी, बॅटरी चार्जिंगच्या धंद्यात आयुष्य गेलं, म्हणून हा धागा काढतोय. सकाळी सेल्फ घेत नाही, रिले नुसता टकटक करतो, हॉर्न बसका वाजतो. लोक थेट नवी बॅटरी टाकून मोकळे होतात. वर्ष-दीड वर्षात पुन्हा तेच, आणि मग बॅटरी कंपनीच्या नावाने खडे फोडणं. माझ्याकडे एक्स्चेंजला आलेली जुनी बॅटरी मी आधी चार्जिंगला लावून बघतो. त्यातल्या कितीतरी चांगल्या निघतात. दोष गाडीच्या चार्जिंगमध्ये असतो, नाहीतर गाडी वापरण्याच्या पद्धतीत असतो. नवी टाकली तरी तो दोष जागच्या जागी राहतो आणि नवीलाही खातो.

मी बोलतोय ते १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीबद्दल. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना साधारण ३ ते ५ अँपिअर-अवरची (हे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) असते, बुलेटसारख्या गाड्यांना ८ ते १४ ची. आत सहा सेल, प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि चार्ज केली की तो विरघळतो. थर ताजा असेपर्यंत मऊ असतो. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर त्याचे मोठे, कडक खडे होतात आणि मग कितीही चार्ज करा, ते जात नाहीत. तेवढी प्लेट कायमची वाया. बॅटरी वापरून मरते त्यापेक्षा अशी अर्धवट भरलेली ठेवून जास्त मरते.

म्हणून एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. तीन-चारशे रुपयांत मिळतो, आणि तीन आकडे घ्यायला शिका.

पहिला आकडा गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, चावी न लावता. १२.७ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव. ११.८ ला ती रिकामी समजा. सीलबंद, म्हणजे वरून पाणी घालावं न लागणारी, बॅटरी पूर्ण भरली की १२.८ किंवा थोडं वर दाखवते. गाडी नुकतीच चालवून आला असाल तर हा आकडा फसवतो, काही तास थांबा.

दुसरा सेल्फ मारताना. बटण दाबलेलं असताना आकडा साडेनऊच्या खाली घसरत असेल आणि पहिला आकडा मात्र चांगला असेल, तर बॅटरी आतून खरंच थकली आहे. आता बदला.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, आणि गॅरेजमध्ये तोच कोणी बघत नाही. इंजिन गरम, हेडलाइट चालू, रेस थोडी वर. टर्मिनलवर १३.५ ते १४.५ च्या दरम्यान हवं. १३ च्या खाली असेल तर बॅटरीला पोटभर मिळतच नाही: मॅग्नेट कॉइल (इंजिनात वीज तयार करते ती), आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, ती वीज बॅटरीला मानवेल अशी करणारा डबा) किंवा मधला कपलर, म्हणजे वायरींचा जोड, तपासा. बऱ्याचदा कपलरची एखादी पिन तापून तपकिरी झालेली असते, बाकी सगळं ठणठणीत. १५ च्या वर जात असेल तर आरआर गेलंय आणि ते बॅटरी उकळवतंय. पाण्याच्या बॅटरीत पाणी भराभर कमी होतं, सीलबंद बॅटरी फुगते.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तसं उत्तर देतो.

घाटवाट

उत्तम धागा. एक शंका. आमच्या पुण्यात दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या. भाजी, मुलीचा क्लास, दूध. मेकॅनिक म्हणतो, प्रत्येक वेळी सेल्फ मारता म्हणून बॅटरी जाते, किक मारत जा. खरं का?

सहा_व्होल्ट

अर्धं खरं. हिशोबच करू. समजा सेल्फने ३० अँपिअर ओढले आणि गाडी दोन सेकंदांत सुरू झाली. म्हणजे ६० अँपिअर-सेकंद गेले. गाडी चालताना बॅटरीत अर्धा अँपिअर जरी परत जात असला तरी दोन-तीन मिनिटांत भरपाई होते. एका झटक्यात सुरू होणाऱ्या गाडीचा सेल्फ बॅटरीला मारत नाही.

मारतं ते काय? प्लग खराब, एअर फिल्टर चोंदलेला, म्हणून गाडी लवकर सुरू होत नाही आणि आपण बटण दहा-दहा सेकंद रगडतो. तसं तीन-चारदा केलं की काटा लगेच खाली. आणि पुण्यातल्या सिग्नलला आयडलवर उभं राहणं. आयडलला चार्जिंग जेमतेम असतं, त्यात १ एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाइट बंद करायचं बटणच नाही. वर कोणी २० वॅटचे दोन फॉगलॅम्प बसवले असतील तर ते तीन-सव्वातीन अँपिअर एकटेच खातात. ३ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर इंजिन बंद ठेवून तासभरही निघणार नाही.

सेल्फ जास्तीत जास्त चार-पाच सेकंद दाबा, नाही झाली तर दहा-पंधरा सेकंद थांबा. रविवारी एकदा तरी अर्धा तास सलग फिरवून आणा.

पाचोळा

किकबद्दल एक भर. २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि दुचाकी बहुतेक फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. आता इंधनाचा पंप आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, विजेवर चालतात. बॅटरी साफ झोपली असेल तर काही गाड्या किकनेही घेत नाहीत. नव्या क्लासिक ३५० ला तर किकच नाही. कार्ब्युरेटरच्या जमान्यात बॅटरी काढून ठेवूनही लोक वर्षभर गाडी चालवायचे, ते दिवस गेले.

सहा_व्होल्ट

अगदी. आणि त्या काळची सवय म्हणून अजूनही काही जण इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "चार्जिंग आहे का" बघतात. कृपा करून करू नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू जायची भीती. त्याची किंमत कितीतरी बॅटऱ्यांएवढी असते.

माडाची_झावळी

दादा, आमचं घर गुहागरजवळ. तिथे एक स्कूटर ठेवली आहे. गणपतीला जातो, मग एकदम शिमग्याला, मग मे महिन्यात. दर वेळी बॅटरी झोपलेली. चुलत सासरे वाडीत असतात, ते आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करून ठेवतात, तरीही हेच. वर टर्मिनलला हिरवट-पांढरी पूड धरते. काय करावं?

सहा_व्होल्ट

ताई, सासऱ्यांना सांगा, ते सुरू करणं थांबवा. स्टँडवर आयडलला पाच मिनिटांत सेल्फने घेतलेलंही नीट परत जात नाही, आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळंच. चालवायची तर वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर, नाहीतर अजिबात नको.

तुमच्यासाठी उपाय सरळ आहे. निघायच्या दिवशी बॅटरी गाडीतून काढा. काढताना आधी काळी म्हणजे निगेटिव्ह वायर, मग लाल. बसवताना उलट: आधी लाल, शेवटी काळी. कारण काळी जोडलेली असताना लाल बोल्टवरचा पाना गाडीच्या लोखंडाला टेकला तर थेट शॉर्ट होतो, ठिणगी उडते. काढलेली बॅटरी पूर्ण चार्ज करून घरात गार, कोरड्या जागी ठेवा. पडवीत पत्र्याखाली नको, तिथे दुपारी तापतं. तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. सासऱ्यांकडे एक छोटा ऑटोमॅटिक चार्जर देऊन ठेवा, दोन महिन्यांतून एकदा एक रात्र लावला तरी पुरे.

पूड म्हणजे ॲसिडच्या वाफेने आणि खाऱ्या हवेने धरलेला गंज. कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा, जुना टूथब्रश. फसफसेल, फसफस थांबेपर्यंत घासा, ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा. पाण्याची बॅटरी असेल तर झाकणं घट्ट लावून मगच, सोडा आत गेला तर ॲसिड मरतं. वायर घट्ट बसवल्यानंतर वरून पेट्रोलियम जेलीचा हात. आधी जेली फासून मग वायर बसवू नका. धातूला धातू नीट टेकायला हवा.

माडाची_झावळी

खूप आभार. बॅटरी फरशीवर ठेवायची नाही, पाटावर ठेवायची, असं सासरे म्हणतात. ते पाळायचं ना?

सहा_व्होल्ट

पूर्वीच्या बॅटऱ्यांची पेटी रबराची, त्याआधी लाकडाची असायची, तिच्यातून ओलीने करंट झिरपायचा. तेव्हा ते बरोबर होतं. आताच्या प्लास्टिकच्या पेटीला फरशीने काही होत नाही. तरी पाटावरच ठेवा, सासऱ्यांचा मान राहील आणि खाली ॲसिडचा डागही पडणार नाही.

निळीशाई

मी इलेक्ट्रॉनिक्सवाली. एका गोष्टीकडे लक्ष वेधते, कारण अलीकडे तीच फार दिसते: गाडी बंद असतानाची गळती. लोक जीपीएस ट्रॅकर, अलार्म, यूएसबी चार्जर, मोबाइल होल्डर असं काहीबाही बसवतात आणि बसवणारा सोपं पडतं म्हणून थेट बॅटरीवरून वायर घेतो. चावी बंद केली तरी ते चालूच.

१० मिलिअँपिअर ऐकायला नगण्य वाटतात. पण २४ तासांचे होतात ०.२४ अँपिअर-अवर. ३ अँपिअर-अवरची बॅटरी सहा दिवसांत अर्ध्यावर येते. पंधरा दिवस गावाला जाऊन आलात की गाडी मेलेली. चारचाकीचंही तेच, फक्त सावकाश. ३५ अँपिअर-अवरच्या छोट्या कारमध्ये रिमोट लॉक, घड्याळ, ईसीयू मिळून ३० मिलिअँपिअर जात असतील तर साडेतीन आठवड्यांत अर्धी. मुलाकडे परदेशी तीन महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांना म्हणूनच मी सांगते की जाताना कारची काळी वायर सोडून जा.

गळती मोजायची अशी. चावी बंद. काळी वायर बॅटरीवरून काढा. मीटर १० अँपिअरवर, लाल प्रोब मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात. एक प्रोब सुटलेल्या काळ्या वायरला, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला. या अवस्थेत चावी फिरवायची नाही, सेल्फला तर हातही लावायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. साध्या दुचाकीला एक-दोन मिलिअँपिअर ठीक, त्याहून बरंच जास्त दिसलं तर बाहेरून बसवलेल्या वस्तू एकेक करून काढत आकडा बघा.

आणि काम झालं की लाल प्रोब लगेच परत व्होल्टच्या भोकात. तो अँपिअरमध्ये विसरून कोणी व्होल्टेज मोजायला गेलं की मीटर म्हणजे दोन टर्मिनलांमधली नुसती तार होते.

जास्तीच्या वस्तू चावीनंतरच्या लाइनवर घ्या, फ्यूज घालून.

घाटवाट

+१. माझ्या स्कूटरला मोबाइल चार्जर थेट बॅटरीवरच आहे. रविवारी मोजतो.

ऊनसावली

नागपूरहून लिहितो. भावाच्या दोन ई-रिक्षा आहेत, त्यांची देखभाल माझ्याकडे. १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये, ४८ व्होल्ट. स्कूटरवाल्यांनाही उपयोगी पडेल म्हणून आमच्याकडचं सांगतो.

इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर. पाणी इतकं उडतं की पंधरा दिवसांत एकदा बघायचं तर आठवड्याला बघावं लागतं. प्लेट उघडी पडली की तेवढी प्लेट गेली. पाणी डिस्टिल्डच. आरओचं चालतं म्हणणारे खूप भेटतात, पण आरओच्या पाण्यात क्षार उरतातच, पिण्यासाठी ते मुद्दाम ठेवलेले असतात. आणि कमी होतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं, म्हणून वरून ॲसिड कधीच घालायचं नाही. पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचं, वरच्या रेघेपर्यंत. आधी घातलं तर चार्ज होताना पातळी वर येऊन ॲसिड बाहेर सांडतं. प्लेट उघडी असेल तरच आधी, तेही ती झाकण्यापुरतं.

चार बॅटऱ्यांत एक कमजोर झाली की ती बाकीच्या तिघींना घेऊन बुडते. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येकीचं व्होल्टेज आणि प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी (आतलं ॲसिड पाण्यापेक्षा किती जड, तो आकडा; हायड्रोमीटर या नळीने मोजतात) वहीत लिहितो. भरलेला सेल हायड्रोमीटरवर १.२६५ ते १.२८० दाखवतो. पाच सेल १.२६ आणि एक १.१८ असेल तर तो सेल आजारी, वाट बघण्यात अर्थ नाही. वहीमुळे हे आधी कळतं, नाहीतर रिक्षा सवारीसकट रस्त्यात बसते.

चार्जिंगची खोली हवेशीर हवी. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन निघतो, हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेतो. आमच्या वस्तीत लोक बंद खोलीत रिक्षा लावून तिथेच झोपतात, बिड्या ओढतात. पाहून जीव वरखाली होतो. प्रत्येकाला सांगतो.

सहा_व्होल्ट

वा! वही ठेवणारा गिऱ्हाईक मला आजवर क्वचित भेटला. ॲसिडबद्दल एवढंच जोडतो: डोळ्यात उडालं तर चोळू नका, पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टर.

मृगजळ

व्हिडिओत दाखवतात की मेलेल्या बॅटरीत एप्सम सॉल्टचं (मॅग्नेशियम सल्फेट या क्षाराचं) पाणी घातलं की ती जिवंत होते. मी दोन बॅटऱ्यांना केलं, हायड्रोमीटरवर ग्रॅव्हिटी खरंच वाढली.

सहा_व्होल्ट

ग्रॅव्हिटी वाढणारच, पाण्यात मीठ विरघळलं की ते जड होतं. हायड्रोमीटरला ॲसिड कोणतं आणि मीठ कोणतं ते कळत नाही. प्लेटवरचे खडे मात्र जिथल्या तिथे असतात. सेल्फ मारून व्होल्टेज बघा, म्हणजे कळेल. सीलबंद बॅटरीचं झाकण उचकटून हे करणारेही आहेत. त्या बॅटरीत पाणी घालायची सोयच केलेली नसते, ती एकदा उघडली की संपली.

पाचोळा

पण पल्स चार्जरने, म्हणजे थांबून थांबून झटक्यांनी करंट देणाऱ्या चार्जरने, फरक पडतो हे मी पाहिलंय. चार महिने पडून असलेली बॅटरी परत आली.

सहा_व्होल्ट

पडून किती दिवस आणि किती खोल उतरली होती, यावर आहे. थर फार कडक झाला नसेल तर साध्या चार्जरने अगदी कमी करंटवर दीड-दोन दिवस ठेवूनही परत येते. पल्सचं श्रेय त्यात किती आणि संथ चार्जिंगचं किती, हे मला वेगळं करून दाखवता येणार नाही. १० व्होल्टच्या खाली महिनोन् महिने राहिलेली मात्र कशानेही फारशी परत येत नाही. आली तरी रात्रभर ठेवून सकाळी सेल्फला बसते. तिच्यावर पैसे घालू नका.

रानवारा

घरी राउटरचा १२ व्होल्टचा जुना ॲडॉप्टर आहे. त्याने चार्ज केली तर? की लॅपटॉपचा १९ व्होल्टचा वापरू?

सहा_व्होल्ट

दोन्ही नको. बॅटरी भरायला टर्मिनलवर १४.४ च्या आसपास लागतात. १२ चा ॲडॉप्टर १२.३ वरच्या बॅटरीत काही घालूच शकत नाही. १९ चा घालेल, पण थांबणार नाही. बॅटरी तापून फुगेल, घरात आग लागेल. बाइकसाठीचा ऑटोमॅटिक चार्जर घ्या. नियम असा की बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्श्याएवढा करंट. ३ ची असेल तर ०.३ अँपिअर, १४ ची असेल तर १.४. कारच्या बॅटरीचा मोठा चार्जर चार-पाच अँपिअर सोडतो, दुकानात घाईत तोच लावला जातो. तासाभरात "झाली चार्ज" म्हणून हातात देतात. वरवर झालेली असते. रिकाम्या छोट्या बॅटरीला दहा-बारा तास लागतातच.

रानवारा

समजलं. आणि नवी घेताना काय बघायचं?

सहा_व्होल्ट

अँपिअर-अवर गाडीच्या पुस्तकात लिहिलाय तोच. बनवल्याचा महिना बघा, जितका ताजा तितका बरा. दुकानातच मीटर लावा, सीलबंद बॅटरी १२.६ च्या खाली असेल तर दुसरी मागा, ती फळीवर पडून उतरलेली आहे. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच मारून घ्या. नवी बसवल्यावर माझा वरचा तिसरा आकडा घेतल्याशिवाय दुकानातून हलू नका.

निळीशाई

जुनी बॅटरी दुकानातच द्या, बिलातून पैसे वजा होतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. रस्त्यावर फोडून शिसं काढणाऱ्याला शंभर रुपये जास्त मिळतात म्हणून देऊ नका. तो ॲसिड गटारात ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवतो. शिशाचा त्रास सगळ्यात जास्त लहान मुलांना होतो, मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो.

ऊनसावली

शंभर टक्के सहमत. आमच्याकडे वस्तीतच हे चालतं, पोरं बाजूला खेळत असतात.

काजवा

माझी इलेक्ट्रिक स्कूटर आहे, लिथियमची. हेच नियम का?

निळीशाई

नाही, बरेचसे उलटे. लेड-ॲसिड नेहमी भरलेली ठेवायची, लिथियमला मात्र महिनोन् महिने पूर्ण भरलेलं राहणं आवडत नाही. रोजच्या वापरात २० ते ८० टक्क्यांत ठेवा, लांब जायचं असेल तेव्हा १०० करा. दोन महिने उभी राहणार असेल तर निम्म्यावर सोडा, शून्यावर कधीच नाही. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, तासभर निवू द्या. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर मधूनमधून १०० टक्के करावी लागते, नाहीतर बीएमएसचा, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचा, किती टक्के उरलंय तो अंदाज चुकतो. पुस्तकात किती दिवसांनी ते लिहिलेलं असतं. याचा वेगळा धागा काढा ना, लिहिण्यासारखं पुष्कळ आहे.

माडाची_झावळी

दादा, आज व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांकडून बॅटरी काढून घेतली, चार्ज करून झाली. परत बसवताना अडलंय. टर्मिनलच्या खाचेत एक छोटा चौकोनी नट आहे, तो खाली सरकतो आणि बोल्ट धरतच नाही. अर्धा तास खटपट चालू आहे.

सहा_व्होल्ट

सगळ्यांचं तिथेच अडतं. नट खाचेतून बाहेर काढा. जुन्या सायकल ट्यूबचा नखाएवढा तुकडा कापून खाचेच्या तळाशी बसवा, त्यावर नट. आता नट वर उचललेला राहील आणि बोल्ट पहिल्या आट्यातच पकडेल. वायरची रिंग मधे आली का ते बघा. बोल्ट आधी हाताने फिरवा, शेवटचा पाव आटाच पान्याने. टर्मिनल शिशाचं असतं, जोर लावला की मोडतं. आणि सांगितल्याप्रमाणे आधी लाल.

माडाची_झावळी

बसली! मीटर १२.८ दाखवतोय.